बुरशीच्या तक्रारीवर रंगारी पाठवू नका

प्रति,
निवासी इमारतींच्या व्यवस्थापन समित्यांचे पदाधिकारी आणि सदस्य

विषय : भिंतींवर वारंवार येणारी बुरशी आणि तिच्यावर होणारं रंगकाम

सप्रेम नमस्कार,

एखाद्या घरातून बुरशीची तक्रार आली की पुढचं सगळं जवळजवळ ठरलेलं असतं. भिंत खरवडायची, बुरशीनाशक पुसायचं, पुट्टी भरायची, ओल रोखणाऱ्या रंगाचे दोन हात द्यायचे आणि तक्रार निकाली काढायची. काही महिन्यांत त्याच कोपऱ्यात, नाहीतर हातभर बाजूला, काळे ठिपके पुन्हा दिसतात. मग रंग हलका होता, रंगाऱ्याने काम चोख केलं नाही, घरातली माणसं खिडक्याच उघडत नाहीत, अशी चर्चा सुरू होते. गळती शोधणं, प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंग ही आमची रोजची कामं. आमचं तुम्हाला सांगणं एवढंच आहे की बुरशीची तक्रार ही पाण्याची तक्रार आहे. पाणी कुठून येतं हे ठरल्याशिवाय आणि भिंत वाळल्याचं मोजून दिसल्याशिवाय तिच्यावर पुट्टी किंवा रंग लावायला मंजुरी देऊ नका.

बुरशी येते कशी, हे आधी थोडं सांगायला हवं, कारण पुढची सगळी पद्धत त्यावरच उभी आहे. बुरशीचे बीजाणू प्रत्येक घरातल्या हवेत असतात. ते संपवता येत नाहीत. तिचं खाद्यही सगळीकडे आहे. भिंतीवरची धूळ, रंगातला बाइंडर (रंग धरून ठेवणारा चिकट भाग), कागद, प्लायवूड, जिप्सम बोर्डावरचं कागदी आवरण, यातलं काहीही तिला चालतं. आपल्याला सुखाचं वाटणारं तापमान तिलाही मानवतं. आपल्या हातात उरतं फक्त पाणी. आणि ते वाहतं किंवा ठिबकणारं असावं लागतं असंही नाही. भिंतीला लागून असलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता (हवा जेवढी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे) बराच काळ 80 टक्क्यांच्या वर राहिली तरी घरात आढळणाऱ्या अनेक बुरशी वाढू लागतात. म्हणून 'हात लावून पाहिला, भिंत कोरडी आहे' हा पुरावा होत नाही. अचानक भिजलेल्या वस्तू आणि भिंती 24 ते 48 तासांत वाळवाव्यात, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, सल्ला आहे. तक्रारीवर पुढच्या मासिक सभेत चर्चा करू असं ठरतं, तेव्हा ही मुदत केव्हाच उलटलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. ओल्या, बुरशी असलेल्या घरांचा श्वसनाच्या तक्रारींशी, श्वसनमार्गाच्या संसर्गांशी आणि दमा बळावण्याशी असलेला संबंध त्यात नोंदवला आहे. अमुक इतकी बुरशी चालेल, असा सुरक्षित आकडा मात्र त्यात नाही. भर आहे तो मुळात ओल होऊ न देण्यावर. त्यामुळे ही बुरशी कोणत्या जातीची, विषारी आहे की साधी, हे शोधत बसण्यात वेळ घालवू नका. नुसत्या रंगावरून जात कळत नाही, आणि जात कळली तरी करायचं काम बदलत नाही. प्रयोगशाळेत नमुने पाठवण्याचा खर्च गळतीच्या चाचण्यांवर करा.

आणखी एका कारणासाठी घाई करा. जे पाणी गिलाव्यावर बुरशी आणतं, तेच स्लॅबमध्ये आणि बीममध्ये सळईपर्यंत पोहोचतं. गंजलेली सळई मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापते. आतून दाब आला की काँक्रीटला सळईच्या रेषेत चीर पडते आणि पुढे पोपडा सुटून पडतो. बाथरूमखालच्या छतावरचा काळा डाग हा बहुतेक वेळा या साखळीतला सगळ्यात आधी दिसणारा, आणि सगळ्यात स्वस्तात थांबवता येणारा, टप्पा असतो.

आता मुख्य काम. पाणी कुठून येतं?

पहिल्या भेटीत हातोडी नको, वही घ्या. त्या घरातल्या माणसांना डाग केव्हा वाढतो आणि केव्हा फिका पडतो, ते विचारा. दिवसरात्र, पाऊस असो वा नसो, सुटीवर गेलेल्या शेजाऱ्यांचं घर बंद असो वा नसो, ओल सारखीच राहते? मग दाबाखालच्या पाइपवर, म्हणजे टाकीकडून नळाकडे येणाऱ्या गार किंवा गरम पाण्याच्या लाइनवर, संशय घ्या. वरच्या घरात अंघोळी झाल्या, कपडे धुतले की काही तासांनी ओल वाढते? मग सांडपाण्याचा पाइप, नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी जिथून जातं ते जाळीखालचं भांडं) किंवा बाथरूमच्या फरशीखालचं वॉटरप्रूफिंग. पावसानंतर एक-दोन दिवसांनी डाग गडद होतो? मग बाहेरची भिंत, खिडकीची चौकट, गच्ची. आणि डाग फक्त गार हवेच्या दिवसांत, फक्त कपाटामागे किंवा खोलीच्या कोपऱ्यात येतो, पाण्याच्या कुठल्याच वापराशी जुळत नाही? मग हवेतली वाफ थंड भिंतीवर बसते आहे. आठवडाभर दिवसातून दोनदा त्याच जागेवरून, त्याच अंतरावरून फोटो काढायला सांगा. या फुकटच्या नोंदीतून अर्धं निदान होऊन जातं.

डागाच्या बरोबर वर गळती असेल, हे मात्र गृहीत धरू नका. स्लॅबमधून पाणी उताराने, चिरेतून, विजेच्या वायरींच्या नळीतून आडवं जातं आणि जिथे वाट मिळेल तिथे बाहेर पडतं. वरच्या बाथरूमचं पाणी शेजारच्या बेडरूममध्ये पंख्याच्या हुकाजवळ उतरू शकतं. पंखा, दिवा किंवा स्विचबोर्डाजवळ ओल दिसली तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्या सर्किटचा वीजपुरवठा बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

चाचण्यांचा क्रम आम्ही असा ठेवतो की तोडफोड शेवटी येते. आधी पाण्याचं मीटर. घरातले सगळे नळ बंद करा, फ्लशच्या टाकीत पाणी भरून झालं आहे याची खात्री करा, मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दोन तास पाण्याला हात लावू नका. आकडा सरकला तर दाबाच्या लाइनवर कुठेतरी पाणी जातं आहे. फ्लशची टाकी आतल्या आत गळत असली तरी मीटर सरकतं, म्हणून टाकीत खाण्याचा रंग टाकून पाहा. अर्ध्या तासात भांड्यात रंग उतरला तर दोष टाकीच्या वॉशरचा आहे. मीटर न सरकणं ही निर्दोष असल्याची खूण नाही. फार बारीक झिरप काही मीटरांना कळतच नाही.

त्यानंतर प्रेशर टेस्ट, आणि ती गार व गरम लाइनची वेगवेगळी. दोन्ही एकत्र घेतल्या तर दाब पडतो, पण कोणत्या लाइनमुळे पडला ते कळत नाही. नळ काढून तोंडं प्लगने बंद करायची, वरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, हातपंपाने पाणी भरून नेहमीच्या दाबाच्या साधारण दीडपट दाब द्यायचा आणि गेजवर लक्ष ठेवायचं. सुरुवातीला काटा थोडा खाली येतो, कारण लाइनमध्ये हवा अडकलेली असते आणि प्लास्टिकचा पाइप किंचित फुगतो. हवा सोडून पुन्हा दाब द्या आणि तो स्थिर झाल्यावरच वेळ मोजायला लागा. ही चाचणी पाण्यानेच करायची. कॉम्प्रेसरची हवा भरून प्लास्टिकच्या पाइपची चाचणी घेणं धोक्याचं आहे. सांधा निखळला तर तुकडे उडतात.

दोन्ही लाइन दाब धरून राहिल्या की सांडपाणी आणि वॉटरप्रूफिंग यांची पाळी. या दोघांत फरक करता आला नाही की चुकीचं काम मंजूर होतं. ट्रॅपचं तोंड हवा भरायच्या प्लगने किंवा कापड आणि प्लास्टिक दाबून बंद करा. बाथरूममध्ये 25 मिलिमीटर पाणी साठवा, त्यात रंग टाका, पातळीची खूण करा आणि ते 24 ते 48 तास तसंच ठेवा. पाणी उंबऱ्याच्या खालीच राहायला हवं, नाहीतर ते चौकटीखालून जाईल आणि तुम्ही भलताच निष्कर्ष काढाल. 25 मिलिमीटर पाण्याचं वजन दर चौरस मीटरला 25 किलो भरतं. स्लॅब आधीच खराब असेल तर ही चाचणी अभियंत्याला विचारूनच करा. खाली रंगीत ओल आली तर फरशी, भिंत-फरशीचा कोपरा किंवा ट्रॅपच्या बाहेरचा सांधा दोषी. या काळात काहीच आलं नाही, मग प्लग काढून सगळं पाणी एकदम सोडलं आणि ओल आली, तर दोष ट्रॅपच्या आत किंवा पुढच्या पाइपात आहे. फरशीची परीक्षा झाल्यावर भिंतीची वेगळी घ्या. शॉवर फक्त टाइलवर मारा, पाणी ट्रॅपमधून जाऊ द्या. अंघोळीचं पाणी पडणाऱ्या भिंतीच्या मागच्या खोलीतली बुरशी बऱ्याचदा याच चाचणीत पकडली जाते.

बाहेरच्या भिंतीवर पाण्याचा पाइप मारताना खालून वर जायचं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळ्या चिरांवरून जातो आणि कोणती चीर दोषी हे कधीच कळत नाही. खिडकीच्या खालच्या कडेपासून सुरू करा, प्रत्येक टप्प्यावर किमान दहा-पंधरा मिनिटं पाणी मारा, आत एका माणसाला टॉर्च घेऊन उभं करा. जाड भिंतीत पाणी पोहोचायला तास-दोन तासही लागतात, म्हणून दोन टप्प्यांत घाई नको.

हवेतल्या वाफेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण समित्या आणि रहिवासी यांचा वाद इथेच पेटतो. खोलीत 25 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रता असेल तर 16.7 अंशांच्या खालच्या पृष्ठभागावर दव धरतं. पण बुरशीला दवाची वाट पाहावी लागत नाही. त्याच खोलीत भिंतीचा एखादा कोपरा 20 अंशांवर असेल तर तिथली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते, आणि भिंत हाताला कोरडी लागत असतानाही बुरशी येते. शेजारच्या घरात दिवसभर एसी चालू असेल तर मधली भिंत अशी गार पडू शकते. कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर त्यामागे हवाच फिरत नाही. म्हणून आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र दोन आठवडे खोलीत ठेवा. आकडा बहुतेक वेळ 60 च्या खाली असूनही भिंतीचा एकच पट्टा काळा पडत असेल, आणि तो पट्टा बाकीच्या भिंतीपेक्षा गार नसेल, तर रहिवाशांना खिडक्यांवरून बोल लावू नका. उलट आकडा सतत 70 च्या वर असेल, आणि बुरशी सगळ्या गार कोपऱ्यांत सारखीच असेल, तर स्लॅब फोडूनही काही मिळणार नाही. तिथे अंघोळीनंतर वीस-तीस मिनिटं एक्झॉस्ट फॅन, खोलीत कपडे वाळत घालणं बंद, कपाट भिंतीपासून 5 ते 10 सेंटिमीटर पुढे, हेच उपचार. एक्झॉस्ट फॅन खरोखर हवा ओढतो का, ते जाळीवर कागदाचा तुकडा धरून पाहा. दाराखाली फट नसेल तर पंखा फिरतो, पण हवा जात नाही. आणि त्याचं तोंड बंद डक्टमध्ये किंवा फॉल्स सीलिंगच्या वर उघडत असेल तर तुम्ही वाफ एका जागेवरून दुसरीकडे नेऊन ठेवत आहात.

शंका उरलीच तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा किंवा पारदर्शक प्लास्टिकचा साधारण 45 सेंटिमीटरचा चौकोन भिंतीवर चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. एक-दोन दिवसांनी खोलीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर ते हवेतून आलं, भिंतीकडच्या बाजूला दिसलं तर भिंतीतून. भिंतीतलं पाणी कुठून आलं हे ही चाचणी सांगत नाही. ते वरच्या चाचण्यांचं काम आहे.

भिंतीतली ओल मोजणारं यंत्र, म्हणजे मॉइश्चर मीटर, समितीकडे स्वतःचं असावं असं आमचं मत आहे. दोन टोकांचं साधं मीटर पुरतं, पण त्याच्या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्या. ही मीटर मुळात लाकडासाठी बनवलेली असतात. गिलाव्यावर दिसणारा आकडा म्हणजे पाण्याचं खरं प्रमाण नव्हे. तो तुलनेसाठी वापरायचा. त्याच मजल्यावरची नक्की कोरडी असलेली भिंत आधी मोजा, तो आधार. मग दोषी भिंतीवर दर 30 सेंटिमीटरवर आडव्या-उभ्या रेषांची चौकट पेन्सिलने आखा आणि प्रत्येक छेदावर आकडा लिहा. सगळ्यात मोठे आकडे कोणत्या दिशेला वाढत जातात, ते उगमाकडे बोट दाखवतं. भिंतीला लोणा (ओलीबरोबर वर येऊन साचलेल्या क्षारांची पांढरी भुकटी) लागला असेल तर क्षारांमुळे मीटर उगाच जास्त दाखवतं, हे लक्षात ठेवा. थर्मल कॅमेऱ्याचंही तसंच. त्याला पाणी दिसत नाही, तापमानातला फरक दिसतो. त्याने दाखवलेली जागा मीटरने तपासल्याशिवाय फोडू नका.

लोणा आणि बुरशी यांतला गोंधळ नेहमीचा आहे. पांढरी भुकटी बोटावर घेऊन पाण्यात टाका. विरघळली तर क्षार. काळ्या डागावर पातळ ब्लीचचा एक थेंब टाकून एक-दोन मिनिटं थांबा. डाग फिका पडला तर बहुधा बुरशी, तसाच राहिला तर धूळ किंवा काजळी. लोणा असो की बुरशी, पाण्याचा शोध घ्यायचाच आहे, फक्त साफसफाईची पद्धत बदलते.

उगम सापडला की तो उगमाच्याच बाजूने बंद करा. खालच्या घराच्या छताला भोकं पाडून रसायन भरणं सोपं असतं, वरच्या घरात जावं लागत नाही, म्हणून ते समित्यांना आवडतं. पण त्याने पाण्याची बाहेर यायची एक वाट बंद होते, आत यायची नाही. स्लॅब आतून ओलाच राहतो आणि पाणी पुढची वाट शोधतं. वरून उपाय करणं खरोखरच अशक्य असेल तेव्हाच हा मार्ग. टाइल न फोडता वरून ओतायच्या रसायनांबद्दलही स्पष्टच सांगतो. सांध्यांतल्या केसासारख्या फटींना ती कधी कधी पुरतात. ट्रॅपचा सांधा सुटला असेल, पाइप फुटला असेल किंवा टाइलखालचा वॉटरप्रूफिंगचा थर कोपऱ्यात तुटला असेल तर त्यांचा काही उपयोग नाही. टाइलच्या सांध्यांत भरलेलं सिमेंटचं ग्राउट मुळात पाणी अडवण्यासाठी नसतंच. पाणी अडवतो तो टाइलखालचा थर.

तो थर नव्याने करायची वेळ आली तर कामावर जाऊन बघा. फरशीचा उतार ट्रॅपकडे किमान 1:100, शक्यतो 1:80. भिंत आणि फरशीच्या कोपऱ्याला आधी पॉलिमर मॉर्टरची (रासायनिक द्रव मिसळलेल्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याची) गोलाई, कारण काटकोनात थर ताणला जाऊन तुटतो. वॉटरप्रूफिंगचे दोन हात एकमेकांना आडवे, पहिला वाळल्यावर दुसरा. थर भिंतीवर किमान 150 मिलिमीटर वर आणि शॉवरच्या बाजूला 1800 मिलिमीटरपर्यंत. ट्रॅपच्या तोंडाच्या आत तो उतरला पाहिजे, नुसता काठावर थांबून चालत नाही. दाराच्या चौकटीखाली तो तुटक सोडला जातो आणि तिथूनच पाणी बाहेरच्या खोलीच्या भिंतीत चढतं. पाण्याची चाचणी टाइल बसवण्याआधी घ्या; टाइल लावल्यावर दोष सापडला तर सगळं पुन्हा उखडावं लागतं. आणि थर झाल्यावर प्लंबरने नळासाठी भिंतीत खाच मारली तर तो थर तिथे संपला. हे आम्हाला वारंवार दिसतं. प्लंबिंग पूर्ण होऊन त्याची प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय वॉटरप्रूफिंग सुरू होऊ देऊ नका.

बाहेरच्या बाजूला खिडकीची खालची पट्टी बाहेरच्या बाजूला उतरती हवी आणि तिच्या खालच्या अंगाला पाणी तुटून पडण्यासाठी खाच हवी. ती खाच नसली की ओघळ परत भिंतीकडे येतो. चिरेवरून नुसता रंग फिरवू नका. ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी साधारण 10 मिलिमीटर उघडून, धूळ काढून, हलत्या चिरेत लवचिक सीलंट आणि न हलणाऱ्या चिरेत पॉलिमर मॉर्टर भरा. गच्चीवर पावसाळी पाइपचं तोंड आणि कठड्याचा पाया या दोन जागा आधी पाहा.

यानंतरचा टप्पा सगळ्यात जास्त वेळा वगळला जातो, तो म्हणजे वाळवणं. गळती थांबली म्हणजे भिंत वाळली असं होत नाही. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीसाठी जुना ठोकताळा 25 मिलिमीटर जाडीला एक महिना असा आहे. 230 मिलिमीटरची भिंत पूर्ण भिजली असेल तर तिला महिनोन्महिने लागतात. त्याआधी पुट्टी भरली तर आतलं पाणी बाहेर येताना रंगाला फुगे आणतं, आणि गळती थांबलेली असूनही काम फसलं असं सगळ्यांना वाटतं. वेळ कमी करायचा असेल तर भुसभुशीत झालेला गिलावा ओलीच्या कडेपासून 30 सेंटिमीटर पुढेपर्यंत विटेपर्यंत काढून टाका. क्षारही त्याच्यासोबत जातात. भिजलेला जिप्सम बोर्ड, फुगलेलं प्लायवूड, आतली ग्लासवूल वाळवून परत वापरू नका. बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तर खिडक्या उघडून पंखा लावा. बाहेर दमट असेल तर खिडक्या बंद करून डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली वाफ ओढून घेणारं यंत्र, चालवा. दोन्ही एकाच वेळी केलं तर यंत्र बाहेरची हवा वाळवत बसतं. गॅसच्या ज्योतीने भिंत शेकवणं बंद करा. वरची कातडी वाळते, आतलं पाणी तिथेच राहतं आणि गिलावा तडकतो.

साफसफाई गिलावा काढण्याआधी, कारण ठोकताना बीजाणू घरभर उडतात. बुरशी एक चौरस मीटरपेक्षा कमी असेल तर नीट काळजी घेऊन घरचा माणूस ती काढू शकतो. ईपीएची मर्यादा 10 चौरस फूट आहे. त्याहून जास्त असेल, किंवा घरात दम्याचा रुग्ण अथवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल, तर सराईत माणसं बोलवा आणि त्या रुग्णाला काम संपेपर्यंत दुसरीकडे ठेवा. एन 95 मास्क, हातमोजे, बंद चष्मा. दाराला प्लास्टिक, पंखा आणि एसी बंद. कोरडा ब्रश अजिबात नको. आधी पाण्यात थोडी साबण पावडर घालून फवारा, मग ओल्या फडक्याने एका दिशेने पुसा, फडकी पिशवीत बांधून टाका. कठीण पृष्ठभागाला एवढं पुरतं. ब्लीचवर आपल्याकडे फार भरवसा ठेवतात. गिलाव्यासारख्या सच्छिद्र भिंतीत त्याचा परिणाम वरवरचा होतो, रंग उडतो म्हणून बुरशी गेल्यासारखी वाटते आणि त्यातलं पाणी मात्र आत मुरतं. मेलेली बुरशीही अ‍ॅलर्जी करते, म्हणून ती मारून ठेवायची नाही, काढायची. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड किंवा अमोनिया असलेलं क्लीनर कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो. तुमच्या सफाई कर्मचाऱ्यांना हे कुणीतरी समजावून सांगितलं आहे का, एवढं जरूर तपासा.

आमच्या मागण्या कागदावर उतरवण्यासारख्या आहेत. तक्रारीच्या अर्जात 'ओल केव्हा वाढते' हा रकाना घाला. तक्रार आल्यापासून 48 तासांत पाण्याच्या मीटरची आणि मॉइश्चर मीटरची पहिली नोंद व्हावी. वरच्या घरात तपासणीसाठी जाण्याची जबाबदारी समितीने घ्यावी. खालच्या रहिवाशाला वरच्या दारात विनवण्या करायला लावू नका. वरच्यांनाही चाचणीचा निकाल लेखी द्या, म्हणजे दोष त्यांचा नसेल तर तेही सुटतील. आणि कामाच्या आदेशात पुढचं वाक्य जसंच्या तसं घाला :

"गळतीचा उगम चाचणीने निश्चित करून दुरुस्त करावा. दुरुस्तीनंतर तीच चाचणी पुन्हा घेऊन निकाल लेखी द्यावा. दोषी भिंतीवरील मॉइश्चर मीटरचे आकडे त्याच मजल्यावरील कोरड्या भिंतीच्या आकड्यांइतके झाल्याची नोंद दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा झाल्यावरच पुट्टी व रंगकाम सुरू करावे. रंगकामाचे देयक त्याआधी देय होणार नाही."

या वाक्यामुळे काही कंत्राटदार दर देणार नाहीत. जे देतील त्यांच्याकडे प्रेशर गेज आणि ट्रॅपचे प्लग आहेत का, ते विचारा. अशा वाळलेल्या भिंतीसाठी वाफ आरपार जाऊ देणारा रंग निवडा. आतल्या बाजूने प्लास्टिकसारखा घट्ट थर देणारे रंग उरलीसुरली ओल कोंडून ठेवतात. रंग झाल्यावर पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि त्यानंतर तीन महिन्यांनी त्याच छेदांवर पुन्हा आकडे घ्या. पेन्सिलची चौकट रंगाखाली जाईल, म्हणून तिची मापं छतापासून आणि कोपऱ्यापासून किती सेंटिमीटर, ते आधीच रजिस्टरमध्ये लिहून ठेवा.

कळावे,

गळतीशोध, प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंगचं काम करणारे आम्ही